गव्हाची टोपली

१९७६ सालच्या डिसेंबरची चोवीस तारीख होती. सकाळचे पावणेसात वाजले होते आणि मी आमच्या घराच्या पायरीवर बसून कडुलिंबाच्या काडीनं दात घासत होतो. समोर चर्चच्या आवारात सगुणामावशी तिची रोजची कामं रोजच्याच क्रमानं करत होती. आधी तिनं मागच्या दाराची कडी काढली. मग खराट्यानं पायऱ्यांपासून फाटकापर्यंतचा रस्ता झाडला. घंटेचा दोर दवानं भिजला नाही ना, हे दोन बोटांनी चाचपून पाहिलं. रांजणातलं कालचं पाणी पेरूच्या बुंध्याशी ओतलं आणि हापशावरून चार खेपा करून तो पुन्हा भरला. तोवर ऊन आवाराच्या भिंतीवरून आत उतरलं. तेव्हा ती सरपणाच्या खोलीत गेली आणि दोन्ही हातांनी एक बांबूची टोपली सांभाळत बाहेर आली.

टोपलीत काळी माती होती आणि मातीतून वीतभर गहू वर आला होता. मावशीनं ती उन्हात ठेवली. तांब्यात बोटं बुडवून पाणी शिंपडलं. कोंब पूर्वेकडे कलले होते, म्हणून टोपली अर्धी फिरवली आणि ती कामाला लागली.

हे सगळं मी लहानपणापासून पाहत आलो होतो. डिसेंबरच्या बारा-तेरा तारखेला मावशी गहू पेरी. नाताळच्या सकाळी ती टोपली वेदीखाली, मातीच्या गव्हाणीशेजारी ठेवली जाई. उपासना संपली की ती एकेक कोंब खुडून प्रत्येक घराला देई आणि लोक तो आपापल्या शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, पानांत ठेवत. पुढच्या वर्षी जुना काढायचा, नवा ठेवायचा. आमच्या गावातल्या सत्तावीस ख्रिस्ती घरांची ही रीत होती. ती दुसरीकडे कुठं नाही, हे मला पुण्याला गेल्यावर कळलं.

मी तेव्हा विद्यापीठात इतिहासाचा विद्यार्थी होतो. आदल्या संध्याकाळच्या एसटीनं घरी आलो होतो, आणि माझ्या पिशवीत चर्चच्या मंडळीच्या मासिकाच्या डिसेंबर अंकाच्या तीन प्रती होत्या. त्या अंकात माझा पहिला लेख छापून आला होता, ‘नाताळच्या रूढींचा उगम’. शुभवर्तमानात ख्रिस्तजन्माची तारीख कुठंच नाही. पंचवीस डिसेंबर हा रोमी लोकांचा सूर्याच्या जन्माचा दिवस. घरात हिरव्या फांद्या आणणं, मेणबत्त्या लावणं, ओंडका पेटवणं, भेटी देणं, हे सगळं थंड मुलखातल्या मूर्तिपूजकांच्या, दिवस पुन्हा मोठा होऊ लागण्याच्या सणांतून आलेलं. असं मी आठ पानांत, तळटिपांसह लिहिलं होतं. लिहिण्यासाठी आईचं जुनं शास्त्र मी वसतिगृहात नेलं होतं. ख्रिस्तजन्माची कथा असलेला लूकचा दुसरा अध्याय उघडला तेव्हा पानांत बराच काडीकचरा साठलेला दिसला. तो खिडकीबाहेर झटकून मी कामाला लागलो होतो.

नऊ वाजता पाळकसाहेब घरी आले.

रेव्हरंड शांतवन उजगरे आमच्या मंडळीत येऊन चारच महिने झाले होते. वय तीस-एकतीस. किडकिडीत, अतिशय स्वच्छ कपड्यांतले, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणारे.

“सलाम, मास्तर.”

“सलाम, पाळकसाहेब. या, बसा. चहा टाकलाच आहे,” माझे वडील म्हणाले. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते. आई सात वर्षांपूर्वी गेल्यापासून चहा तेच करत, आणि तो फार गोड होई.

पाळकसाहेबांनी माझ्याकडे वळून हात पुढे केला. “आमोस, तुमच्या लेखानं माझं मोठं काम केलं. मी तो मंडळीच्या पंचांना वाचून दाखवला. यंदा झाड आणायचं नाही असं ठरलं. दारावरचं ते हिरवं कडंही नाही. आणि टोपलीही नाही.”

“टोपली?” वडील म्हणाले. “टोपली कुठं आहे लेखात?”

“शेवटच्या परिच्छेदात.”

होती खरी. लेख छापायला देण्याआधी, आपल्या मातीतलं एखादं उदाहरण असावं म्हणून, मी दोन ओळी जोडल्या होत्या: ‘आपल्याकडेही एका ग्रामीण मंडळीत नाताळला गव्हाचे रुजवण ठेवतात. ते उघडच नवरात्रातील घटाचे अवशेष होत.’ प्राध्यापकांनी या ओळींखाली लाल पेन्सिलीनं ‘उत्तम’ असं लिहिलं होतं.

“उद्या उपासनेत, माझ्या संदेशाच्या आधी तुम्ही हा लेख मंडळीपुढे वाचावा अशी माझी विनंती आहे,” पाळकसाहेब म्हणाले. “मी नवा माणूस. मी सांगितलं तर लोक म्हणतील, हा बाहेरून आला आणि आमच्या मावशीच्या टोपलीवर उठला. तुम्ही गावचे. शिकलेले. तुमच्या तोंडून ऐकतील.”

मला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. तेविसाव्या वर्षी वेदीजवळ उभं राहून स्वतःचा लेख वाचायचा! मी लगेच हो म्हणालो.

वडील बशीतल्या चहावर फुंकर घालत होते. “सगुणाला कोण सांगणार?”

“मी काल सांगितलं.”

“काय म्हणाली?”

“‘बरं’ म्हणाल्या.”

“आज सकाळी पाणी घालत होती,” मी म्हणालो.

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. “मास्तर, तुम्हाला मी कठोर वाटत असेन. माझ्या आईनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्या वर्षी तिनं घट बसवला नाही. तिचे भाऊ दारात येऊन म्हणाले, घट बसव, नाहीतर माहेर विसर. ती विसरली. माझी आजी वारली तेव्हा तिला तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. तिनं ज्याच्यासाठी एवढं सोडलं, त्याच्याच पायाशी मी तो घट ठेवू? माझा हात धजत नाही.”

पाळकसाहेब गेल्यावर वडिलांनी कप विसळले आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, “तुझा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा अभिमानानं. दुसऱ्यांदा सगुणाला वाचून दाखवताना.”

“तुम्ही तिला वाचून दाखवला?”

“तिनंच मागितला. आमूनं काय लिहिलंय ते वाचा म्हणाली. एकदा नाही, तीनदा वाचून घेतला.”

आई गेल्यानंतर तीन वर्षं आमच्या घरी दुपारची भाकरी सगुणामावशीनं थापली होती. मॅट्रिकच्या परीक्षेला मी तिनं बांधून दिलेली शिदोरी घेऊन तालुक्याला जात असे. शेवटच्या दोन ओळी तिनं तीनदा ऐकल्या, हे समजल्यावर मला घरात बसवेना.

दुपारी मी चर्चमध्ये गेलो तेव्हा ती वेदीसमोर फरशीवर बसून चिंचेनं पितळी दिवे घासत होती. कोपऱ्यात गव्हाणी मांडून झाली होती. मातीचा योसेफ, मातीची मरिया, कान तुटलेला बैल. शेजारची जागा तिनं रिकामी ठेवली होती.

“आलास व्हय,” ती वर न पाहता म्हणाली. “बस. त्यो फडका दे. न्हाई, त्यो न्हाई, कोरडा.”

मी फडकं दिलं. “मावशी, माझ्या लेखात तुझ्या टोपलीबद्दल…”

“ऐकलं की. मास्तरांनी वाचला.” तिनं दिवा उजेडात धरून पाहिला. “एक सांग मला. ती थंड मुलखातली माणसं. आपला येशू त्यांस्नी ठाऊक नव्हता, तवाबी ती हिरवं झाड घरात आणायची?”

“आणायची.”

“आन् दिवं लावायची?”

“हो. थंडीत दिवस लहान होत जातो. सूर्य मरतो की काय अशी त्यांना भीती वाटायची. मग दिवस पुन्हा मोठा होऊ लागला की सण करायचे.”

“म्हंजी सायबाचं झाडबी त्याच्या जुन्या देवाचंच.”

“तसंच म्हणावं लागेल.”

सगुणामावशी हसली. दात पडल्यापासून ती हसताना तोंडावर पदर घेई. तो घ्यायलाही ती विसरली. “आमू, पासष्ट वर्सं झाली मला. ल्हानपनापास्नं ऐकत आले, सगुणीच्या आईनं चर्चात घट आणला, सगुणीच्या आईचं मन मागंच राहिलं. तुझ्या लेखानं मला गार वाटलं बघ. आपलं एकलीचंच मागून आल्यालं न्हाई. समद्यांचंच आलंय.”

मी तिची क्षमा मागायला आलो होतो, आणि ती माझे आभार मानत होती.

“पण उद्या टोपली…”

“न्हाई आणायची. पाळकसायेब न्हाई म्हणलं. त्याच्या आईची गोष्ट सांगितली त्यानं मला. खरं हाय त्याचं. त्याच्या आईला घटानं तोडलं, त्याला त्यो बघवत न्हाई.” तिनं दुसरा दिवा ओढला. “माझ्या आईचं येगळं झालं.”

“काय झालं?”

“तू लिवलंस की नवरात्रातनं आलं. आर्धं तितनं आलं. आर्धं मडमनं मागितलं.”

ती घासत राहिली आणि सांगत राहिली. तापाच्या साथीचं साल होतं ते, एकोणीसशे अठराचं. पाऊस झाला नव्हता. घरटी माणसं मेली होती. इथले तेव्हाचे मिशनरी साहेब, त्यांची मडम आणि त्यांचा चार वर्षांचा लेक समोरच्या बंगल्यात राहत. सगुणाची आई मार्था त्या लेकाला सांभाळायची. तिनं दोनच वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला होता. दिवाळीच्या सुमारास तो लेक गेला.

“डिसेंबर आला तरी मडम खोलीच्या बाहेर येईना. जेवंना. सायेब म्हणला, मार्था, तू बोलून बघ. मी आईचा पदर धरून उभी व्हते, सात वर्सांची. आई म्हणली, मडमबाई, काय आणू? मडम खिडकीभायेर बघत म्हणली, हिरवं कायतरी आण. भायेर तर समदं वाळल्यालं. मडम म्हणली, आमच्या मुलखात ह्या दिसात समदं मरतं, बर्फाखाली जातं. मग आम्ही रानातनं एक हिरवी फांदी घरात आणतो. ती बघायची आन् म्हणायचं, परत येईल. हितं तर फांदीबी न्हाई.”

“मग?”

“माझी आई म्हणली, मडमबाई, धा दिस द्या. मला हिरवं करता येतं.”

मावशीनं चिंचेचा चोथा वाटीत टाकला.

“तिला दुसरं येतंच काय व्हतं? तिच्या आईनं शिकिवल्यालं तेवढंच. टोपली, माती, गहू, पाणी. भावांनी तिलाबी माहेर तोडलं व्हतं, पण हातातलं कसं तोडत्याल? रोज सकाळी मडमच्या खोलीत टोपली न्यायची, उन्हात ठिवायची. तिसऱ्या दिशी कोंब फुटलं तवा मडम उठून बघाया आली. सहाव्या दिशी तीच पाणी घालाया लागली. नाताळला सायेबाचं मन व्हईना, मंडळीतले जुने लोक काय म्हणत्याल म्हणून. मडमनं कुणाला इचारलं न्हाई. सोता टोपली उचलली आन् हितं आणून ठिवली.” तिनं रिकाम्या जागेकडे हनुवटी केली. “घरोघरच्यांस्नी एकेक कोंब दिला. ज्याचं कुणी साथीत गेलं त्याच्या हातात आधी.”

हे सगळं माझ्या आठ पानांत नव्हतं. तळटिपांतही नव्हतं. ‘उघडच’ हा शब्द मात्र होता, आणि तो मला आता डोळ्यांसमोर छापलेला दिसत होता.

“मावशी, हे तू पाळकसाहेबांना सांगितलंस का?”

“त्यानं त्याच्या आईचं सांगितलं. त्याच्यावर मी माझ्या आईचं कशाला घालू? आयांची कुस्ती लावायची व्हय?” ती गुडघ्यावर हात टेकून उठली. “जाऊ दे. एका वर्सानं काय व्हतंय. तुझ्या आईचं कोंब तर हायेत की तुझ्याजवळ. बावीस झालं आसतील. मोजलंस का?”

“कसले कोंब?”

“शास्त्रातले. लूकच्या दुसऱ्यात. लोक जुना काढून नवा ठिवत्यात. तुझ्या आईनं तुझ्या जल्माच्या वर्सापास्नं एकबी काढला न्हाई. म्हणायची, सगुणा, हे माझ्या आमूच्या वर्सांचं. सोळा तिनं ठिवलं. ती गेल्यावर दर नाताळला मी मास्तरांकडनं शास्त्र मागून घ्यायची आन् ठिवायची. सहा म्या ठिवलं. मागल्या साली तू शास्त्र घिऊन पुण्याला गेल्तास, घरीबी आला न्हाईस, म्हणून ऱ्हायला.”

मी काय केलं होतं ते तिला सांगितलं. खिडकी, कचरा, सगळं. दोन वाक्यांत सांगून झालं.

सगुणामावशीनं दिव्याची वात सारखी केली.

“खाली माती व्हती का फरशी?” तिनं विचारलं.

“माती. बाग आहे.”

“मग ठीक हाय,” ती म्हणाली. “आता यंदापास्नं मोज.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी पाळकसाहेबांच्या घरी गेलो. ते दाराशी बूट पुसत होते. मी मासिकाचा अंक त्यांच्यापुढे धरला.

“पाळकसाहेब, मी हा वाचणार नाही.”

“का? खोटं लिहिलंय?”

“पुष्कळसं खरं आहे. काही ठिकाणी अभ्यासकांचा तर्क होता, तो मी खात्री म्हणून लिहिला. आणि टोपलीचं अर्धंच लिहिलं. उरलेलं अर्धं ज्यांना माहीत होतं, त्या रोज माझ्या घरासमोर झाडत होत्या. मी विचारलं नाही.”

मी त्यांना मडमची आणि मार्थेची गोष्ट सांगितली, मावशीनं सांगितली तितकीच. ते ऐकताना त्यांच्या हातातलं फडकं थांबलं होतं.

“यामुळे माझ्या आईचं दुःख कमी होत नाही,” ते शेवटी म्हणाले.

“नाही. मावशीही तेच म्हणाल्या.”

“त्या काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, आयांची कुस्ती लावायची नाही.”

पाळकसाहेबांच्या ओठांची एक कड हलली. हसू होतं की काय, सांगता येणार नाही. “पंचांचा ठराव झालेला आहे, आमोस. मी तो मोडू शकत नाही.”

“तुम्ही मोडू नका,” मी म्हणालो.

आठ वाजता पहिली घंटा झाली. लोक आत जाऊ लागले. नव्या साड्यांचा करकरीत आवाज, गाठोड्यातल्या कोटांना डांबराच्या गोळ्यांचा वास. मी मागच्या बाजूला गेलो. सरपणाच्या खोलीच्या दाराशी, रोजच्या जागी, टोपली उन्हात होती. मावशीनं सकाळी ती बाहेर काढून फिरवून ठेवली होती. वेदीकडे न्यायची नसली तरी कोंबांना ऊन हवंच होतं. मी ती उचलली. मातीनं ती जड होती, आणि तळातून मातीचे कण माझ्या नव्या पँटवर सांडत होते.

मागच्या दारानं नेता आली असती. मी पुढच्या दारानं गेलो. दोन्ही बाजूंच्या सतरंज्यांवर माणसं बसली होती. आधी मागच्या रांगा गप्प झाल्या, मग पुढच्या. वडिलांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. सगुणामावशी घंटेच्या दोराशी उभी होती. तिनं दोर सोडला नाही, पण दुसरी घंटा द्यायची ती दिली नाही. मी गव्हाणीपर्यंत गेलो, बैलाशेजारच्या रिकाम्या जागेत टोपली ठेवली आणि माझ्या जागी येऊन बसलो.

पाळकसाहेब गीतांचं पुस्तक उघडून उभे होते. पंचांपैकी एकजण अर्धा उठला होता. पाळकसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं. मग पुस्तक बोट घालून मिटलं आणि मागे घंटेच्या दिशेनं विचारलं, “मावशी, याला आज पाणी घातलंय का?”

“न्हाई,” ती म्हणाली. “पाणी वेदीपाशी आणल्यावर घालायचं आसतंय. आणायचीच नव्हती, म्हणून न्हाई घातलं.”

“मग घाला. उन्हात कोरडी पडली असेल. आम्ही थांबतो.”

तिला रांजणापर्यंत जाऊन यायला वेळ लागला. तिनं बोटं बुडवून पाणी शिंपडलं, टोपली सवयीनं अर्धी फिरवली आणि परत जाऊन दुसरी घंटा दिली. मग पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला. उठलेला पंच उभाच होता. तो तसाच गाऊ लागला.

संदेशात टोपलीचा उल्लेख झाला नाही. लेखाचाही नाही. उपासना संपल्यावर लोक रांगेनं पुढे आले. मावशीचे गुडघे दुखत होते, तिला वाकता येईना. तेव्हा पाळकसाहेबांनी टोपली उचलून कमरेच्या उंचीवर धरली, शेवटचं माणूस जाईपर्यंत. त्यांनी स्वतः कोंब घेतला नाही. मावशीनं त्यांना दिलाही नाही.

माझी पाळी आली तेव्हा तिनं निवडून एक लांब कोंब खुडला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी जागेवर आलो, पुण्याहून परत आणलेलं आईचं शास्त्र उघडलं, लूकचा दुसरा अध्याय काढला. त्यातून जुना काढायचा नव्हता. नवा ठेवला आणि पुस्तक मिटलं.